ओसीडीच्या माणसाला ‘विचार झटकून टाक’ सांगू नका

ओसीडी म्हणजे नकोसे विचार पुन्हा पुन्हा मनात येण्याचा आणि ते शांत करायला हात धुणं, तपासणं अशी कृती करत राहण्याचा आजार. त्यावरचा एक मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: ओसीडी म्हणजे रिकाम्या मनाचे खेळ. वाईट विचार आला की लगेच झटकून टाका, जमत नसेल तर मनगटाला रबर लावून ओढा, नाहीतर नामस्मरण करा. घरच्यांनी आजारी माणूस विचारेल तितक्या वेळा धीर द्यावा. मानसोपचाराच्या नादी लागू नका. तिथे नुसत्या गप्पा असतात, नाहीतर माणसाला घाणीत हात घालायला लावतात. खरा उपाय गोळ्या, आणि त्या जन्मभर.

पाठवणाऱ्यांच्या मनात माया आहे, हे मला कळतं. पण या आजाराच्या माणसांबरोबर काम करताना मी रोज पाहते, की यातल्या बहुतेक सल्ल्यांनी आजाराला बळच मिळतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘विचार झटकून टाका.’ बाळाला घेऊन गॅलरीत उभी असलेली आई. मनात चमकून जातं, ‘मी याला खाली टाकलं तर?’ देवापुढे हात जोडताच एखादा अभद्र शब्द मनात येतो. असे विचार फक्त आजारी माणसालाच येतात, अशी समजूत असते. १९७८ साली स्टॅनली रॅकमन आणि पद्मल डि सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की ते धडधाकट माणसांनाही येतात आणि त्यांचा मजकूरही बराचसा तोच असतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३ देशांतल्या विद्यार्थ्यांना विचारलं, तर सुमारे ९४ टक्के जणांना मागच्या तीन महिन्यांत असा निदान एक तरी नकोसा विचार येऊन गेला होता. ओसीडी नसलेले ‘काहीतरीच’ म्हणून पुढे जातात. ओसीडी असलेली आई मात्र ‘असा विचार आला म्हणजे मी घातकी आहे’ असं मानते, आणि बाळाला जवळ घेणंच सोडते.

विचार दाबला तर काय होतं, तेही तपासून झालंय. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने काही जणांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिलं, आणि बंदी उठल्यावर तर आणखीच आलं. मनगटावरच्या रबराचा सल्लाही ‘विचार दाबता येतो’ याच जुन्या समजुतीतून आलेला आहे. आज ओसीडीसाठी तो द्यायला नको. विचार येऊ दे, त्याला उत्तर देऊ नको, इथून उपचार सुरू होतो.

‘विचारेल तितक्या वेळा धीर द्या.’ हा मुद्दा मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, कारण यात घरच्यांचं प्रेमच आजाराच्या कामी येतं. ‘आई, गॅस बंद आहे ना गं?’ ‘हो रे बाळा, बंद आहे.’ पाच मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा तोच प्रश्न. खाज सुटल्यावर खाजवावं तसं हे आहे: बरं वाटतं, आणि म्हणूनच थांबत नाही. हळूहळू घरातले सगळे बाहेरून आल्यावर त्याच्या नियमाने अंघोळ करू लागतात, कुलूप त्याच्यासाठी तीनदा ओढून पाहतात. नेदरलँड्समधल्या मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी २००३ मध्ये संगणकावरचा गॅस विद्यार्थ्यांना वारंवार तपासायला लावला. त्यांची आठवण बहुतांशी बरोबरच होती, पण त्या आठवणीवरचा विश्वास मात्र घसरला. म्हणजे तपासल्याने शंका मिटत नाही, तपासणंच शंका वाढवतं. म्हणून आईने एक दिवस अचानक तोंड मिटून घ्यावं असं नाही. ते क्रूर होईल. आधी त्याच्याशी बोलून ठरवायचं, आणि मग म्हणायचं, ‘तुला भीती वाटतेय हे दिसतंय मला. मी इथेच आहे, पण उत्तर देणार नाही.’

‘घाणीत हात घालायला लावतात.’ इथे ज्या उपचाराची बदनामी होते, त्याला ईआरपी म्हणतात. ज्याची भीती वाटते त्याला ठरवून सामोरं जायचं, आणि नंतर हात धुणं, तपासणं, मनातल्या मनात मंत्र म्हणणं ही नेहमीची कृती करायची नाही. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये दोन जुनाट रुग्णांवर हे करून पाहिलं. दोघींनाही चांगला उतार पडला. त्यातल्या एकीला धुण्याचा ध्यास होता, दुसरीच्या मनात देवाधर्माविषयी अभद्र विचार येत. आज हे रुग्णाच्या संमतीने, पायरीपायरीने होतं. भीतीची यादी त्यानेच करायची, कोणती भीती किती मोठी याचे आकडे त्यानेच द्यायचे. पहिली पायरी दाराच्या कडीला हात लावून अर्धा तास न धुण्याची असू शकते. त्या अर्ध्या तासात जीव घाबरतो, हे खरं आहे आणि ते लपवू नये. पण न धुताही आपण ती घालमेल सोसू शकतो, आणि भीती वाटलेली गोष्ट घडतही नाही, हे तो स्वतः अनुभवतो. जबरदस्तीने हात चिखलात बुडवणं हा उपचार नाही.

नामस्मरणाबद्दल जपून बोलते, कारण श्रद्धा हा अनेकांचा खरा आधार आहे. शांतपणे जप करणाऱ्याला कुणी अडवत नाही. पण ‘१०८ झाले नाहीत तर बाबांना काहीतरी होईल’, मधेच वाईट विचार आला म्हणून पुन्हा पहिल्यापासून, असं सुरू झालं की तो जप आजाराचाच भाग होतो. अशा माणसाला आणखी जप सांगणं म्हणजे त्याच्यावरचं ओझं वाढवणं.

‘गप्पांनी काय होणार, गोळ्याच हव्यात.’ एडना फोआ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १२ आठवड्यांच्या चाचणीत ईआरपीने ६२ टक्के रुग्णांना लक्षणीय फरक पडला, क्लोमिप्रामीन या गोळीने ४२ टक्के, दोन्ही मिळून ७० टक्के आणि नकली गोळीने ८ टक्के. तेव्हा गोळ्यांना मी नावं ठेवत नाही. आजार तीव्र असेल तर त्या हव्यातच, आणि परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. पण सगळ्यांना त्या जन्मभर लागत नाहीत. कमी कधी करायच्या ते डॉक्टर ठरवतील. मेसेज वाचून बंद करू नका.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्यांची मान्य करते: काही ठिकाणी खरंच नुसत्या गप्पा होतात. बालपणावर महिनोन्‌महिने बोलणं होतं आणि हात धुणं तसंच राहतं. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: तुम्ही ईआरपी करता का? दोन भेटींच्या मधे घरी काय करायला देता? घरच्यांना कधी बोलावता? जवळपास कोण आहे हे माहीत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.