खिशात मावतो म्हणून सोपा? शुगर ग्लायडरबद्दलच्या ‘त्या’ मजकुराला उत्तर

‘कुत्र्याला फिरवायला वेळ नाही, मांजराचे केस नकोत? मग शुगर ग्लायडर घ्या.’ अशी सुरुवात असलेला मजकूर व्हिडिओसकट सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, दावे तेच. ही छोटी उडणारी खार आहे, फळं आणि मध खाऊन राहते, दिवसभर खिशात झोपते, एकटी ठेवली तर लळा जास्त लागतो, छोटा पिंजरा पुरतो, वास येत नाही, लस नाही की डॉक्टर नाही, आणि नाहीच जमलं तर कुणालाही देऊन टाकता येते. म्हणून पहिल्यांदाच प्राणी पाळणाऱ्यांसाठी याहून सोपं काही नाही. व्हिडिओत शर्टाच्या खिशातून डोकावणारे दोन काळेभोर डोळे.

हे व्हिडिओ बहुतेक दिवसाउजेडी काढलेले असतात, आणि सगळी गोम तिथेच आहे. शुगर ग्लायडर पक्का निशाचर. दिवसा दिसतो तो झोपेतून उठवलेला, अंधार शोधणारा, पेंगुळलेला प्राणी. घरी आणल्यावर गाठ पडते ती रात्रीच्या प्राण्याशी, आणि त्याच्याबद्दल हा मजकूर अवाक्षर काढत नाही. आता एकेक दावा घेऊ.

‘ही एक प्रकारची उडणारी खार आहे’

नाही. खार उंदराच्या गोतावळ्यातली, शुगर ग्लायडर कांगारू आणि कोआलाच्या. मादीच्या पोटाला पिशवी असते. गर्भ पोटात जेमतेम 15 ते 17 दिवस राहतो, पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचं वजन सुमारे 0.2 ग्रॅम असतं, आणि पुढचे साधारण 70 दिवस ते पिशवीतच वाढतं. तरंगायला लागणारा कातडीचा पडदा उडणाऱ्या खारीलाही आहे आणि यालाही, पण दोघांकडे तो स्वतंत्रपणे आलेला.

हे पुस्तकी वाटेल, पण घरातल्या चुका इथूनच सुरू होतात. खारीचे आणि हॅमस्टरचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ग्लायडरचे नाही. त्याचे खालचे दोन लांब दात झाडाची साल खरवडण्यासाठी मुळातच तसे असतात. ‘दात फार वाढलेत, कापून देतो’ असं कुणी म्हणालं तर प्राणी उचलावा आणि तिथून निघावं. हॅमस्टरचं धान्य, बियांची पाकिटं हीदेखील याच गैरसमजातून घरात येतात.

‘फळं आणि मध दिला की झालं’

सगळ्या यादीतलं सर्वांत घातक वाक्य हे, म्हणून इथे जरा थांबू.

रानात, म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या जंगलांत, हा प्राणी अकेशियाचा, म्हणजे बाभळीच्या जातकुळीतल्या झाडांचा, डिंक खातो. निलगिरीची साल चावून जखम करतो आणि पाझरणारा रस चाटतो. फुलांतला मकरंद आणि पराग, किड्यांनी सोडलेला गोड स्राव खातो आणि त्याच्या जोडीला भरपूर किडे, अळ्या, कोळी. डिंक पचवणं सोपं नसतं. त्यासाठी त्याच्या आतड्याला मोठी पिशवी असते आणि तिथले जिवाणू तो डिंक आंबवतात. रसाळ फळांना या जेवणात फारसं स्थान नाही.

‘गोड खाणारा निरागस जीव’ ही प्रतिमा ज्यांना सोडवत नाही त्यांनी टास्मानियाकडे पाहावं. तिथे माणसांनी नेऊन सोडलेले ग्लायडर स्विफ्ट पॅरट या नामशेष होण्याच्या काठावर आलेल्या पोपटाच्या ढोल्यांत शिरतात आणि अंडी, पिल्लं, इतकंच काय अंड्यांवर बसलेली मादीसुद्धा खातात. तो पोपट इतका कमी होण्यामागच्या मोठ्या कारणांत ग्लायडर धरला जातो. फळांवर जगणाऱ्या प्राण्याचे हे धंदे नव्हेत.

आता फळांवर ठेवलं तर बिघडतं काय ते पाहा. ग्लायडरच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसहून कमी पडून चालत नाही, दुपटीच्या आसपास असेल तर उत्तम. बहुतेक फळांत कॅल्शियम नावापुरतं असतं. ‘बरं, मग किडेही देतो’ म्हणून वाटीभर मीलवर्म, म्हणजे पाळीव प्राण्यांना खायला देतात त्या अळ्या, टाकले तर त्यांत फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट. रक्तातलं कॅल्शियम घसरायला लागलं की शरीर ते हाडांतून ओढून घेतं. वरून काहीच कळत नाही. प्राणी खातो, उड्या मारतो, तजेलदार दिसतो. मग चढताना पकड सुटते, अंग थरथरतं, आणि एके रात्री तो मागचे पाय ओढत चालताना दिसतो. कधी झटके येतात, कधी पोकळ झालेलं हाड साध्या उडीत मोडतं. वेळेवर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती मिळाली तर तो सावरू शकतो, उशीर झाला तर अधूपण कायमचं. गोडाचा अतिरेक झाला की हिरड्या, दात आणि लठ्ठपणा हे वेगळंच.

मग द्यायचं काय? अनुभवी मालकांमध्ये लेडबीटर मिश्रण, बीएमएल, एचपीडब्ल्यू अशा नावांच्या पाककृती चालतात, आणि कुठली खरी यावरून त्यांच्यात जी रणं पेटतात त्यांत मला पडायचं नाही. पण त्यांत एक गोष्ट समान आहे: मिश्रणातली प्रथिनं, मध, कॅल्शियमची पूड आणि सोबतच्या ठरावीक भाज्या-फळं यांचं प्रमाण एकमेकांच्या हिशोबाने बांधलेलं असतं. एकीतलं मिश्रण, दुसरीतली पूड आणि भाज्या आपल्या मनाच्या, असं केलं की तो हिशोब कोलमडतो. ग्लायडर पाहणाऱ्या डॉक्टरांशी बोलून एक पाककृती धरावी आणि तिच्यात हात घालू नये. किडे द्यायचे ते कॅल्शियमच्या पुडीत घोळवून. चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण अजिबात नाही.

‘एकटा ठेवा, लळा जास्त लागतो’

रानात सातेक प्रौढ आणि त्यांची पिल्लं एकाच ढोलीत अंगाला अंग लावून झोपतात. नराच्या डोक्यावर आणि छातीवर गंधग्रंथी असतात, त्यांचा वास तो सगळ्यांच्या अंगाला चोळतो आणि त्या वासावरून आपलं-परकं ठरतं. असा प्राणी एकटा ठेवला तर तो तुमच्याकडे धाव घेतो हे खरं आहे. दुसरं कुणी नसतं, म्हणून घेतो. पण तुमचा दिवस ती त्याची रात्र. तो जागा असतो त्या वेळी तुम्ही घोरत असता, आणि तो अंधारात बसून कुत्र्याच्या पिल्लासारखा भुंकत कुणी उत्तर देतंय का पाहतो. काही ग्लायडर मग पिंजऱ्यात एकाच रेषेत फेऱ्या मारत राहतात, काही स्वतःचे केस उपटतात, काही शेपूट, पाय, जननेंद्रियही चावून रक्तबंबाळ करतात. याला लळा म्हणायचं असेल तर म्हणा.

दोन ठेवले तर ते माणसाला विचारत नाहीत, हेही खरं नाही. जोडीतले ग्लायडर माणसाला व्यवस्थित ओळखतात आणि एकट्यापेक्षा कमी बिथरलेले असतात. जोडी मात्र विचार करून निवडावी लागते. नसबंदी केलेला नर आणि मादी ही सगळ्यांत बिनतक्रार जोडी. नसबंदीशिवाय बहीण-भाऊ आणले तर वयात येताच पिल्लं होतात, तीही सख्ख्या नात्यातली. आणि दोन अनोळखी प्रौढ थेट एका पिंजऱ्यात कधीच सोडू नयेत. आधी पिंजरे शेजारी, मग झोपायच्या कापडांची अदलाबदल, मग दोघांनाही परक्या असलेल्या जागी, समोर बसून भेट.

‘खिशात झोपतो, म्हणजे माणसाळलेला’

खिसा अंधारा, उबदार आणि अंगाला घट्ट बसणारा असतो. उजेडात अडकलेल्या निशाचर प्राण्याला तेवढंच हवं असतं, खिसा कुणाचा याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तो माणसाळलाय की नाही हे रात्री, हात पुढे केल्यावर कळतं. नवा ग्लायडर तेव्हा मागच्या पायांवर उभा राहून जो करकरीत, चढत जाणारा आवाज काढतो त्याला पाळणारे ‘क्रॅबिंग’ म्हणतात. शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या जिवातून एवढा आवाज येतो यावर विश्वास बसत नाही. तो राग नसतो, भीती असते. ती जायला काही आठवडे लागतात, कधी महिने. तुम्ही वापरलेल्या कपड्याचा तुकडा त्याच्या झोपायच्या पाउचमध्ये ठेवणं, दिवसा तो पाउच गळ्यात वागवणं आणि रात्री छोट्या तंबूत किंवा बंद खोलीत नुसतं बसून त्याला अंगावर चढू देणं, हाच रस्ता. शेपटीला धरून उचलू नये, आणि चावला म्हणून हात झटकू नये. झटकलात तर चावलं की हात बाजूला होतो, एवढंच तो शिकतो.

‘शांत’ ग्लायडरबद्दल आणखी एक गोष्ट. थंडी वाढली किंवा पोटात अन्न नसलं की हा प्राणी शरीराचं तापमान खाली आणून काही तास निपचित पडू शकतो. रानात त्याने ऊर्जा वाचते. घरात मात्र हाताला गार लागणारा, हाक मारून न हलणारा ग्लायडर म्हणजे काहीतरी चुकलंय. हिटरसमोर धरू नका. अंगाशी धरून हळूहळू ऊब द्या आणि डॉक्टरांना फोन करा. खोलीचं तापमान 24 ते 27 अंशांच्या आसपास असलं की अशी वेळ सहसा येत नाही.

‘छोटा पिंजरा पुरतो, वासही येत नाही’

एका झेपेत 50 मीटरपर्यंत तरंगू शकणाऱ्या प्राण्याला छोटा पिंजरा पुरतो, हे लिहिणाऱ्याने तो पिंजरा रात्री पाहिलेला नसावा. जोडीसाठी निदान 60 बाय 60 सेंटिमीटर तळ आणि 90 सेंटिमीटर उंची हवी, आणि उंची जितकी जास्त तितकं बरं. गजांमधली फट सव्वा सेंटिमीटरहून मोठी नको. पळण्यासाठी मधून दांडा गेलेलं चाक नको, त्यात शेपूट गुंडाळली जाते. सुटे धागे असलेलं कापडही नको, बोटांना फास बसतो. खोलीत मोकळं सोडण्याआधी पंखा बंद, संडासाचं झाकण बंद, खिडकी बंद, आणि कुत्रा-मांजर दाराबाहेर.

वास येतो, नराचा जास्त. नसबंदीने बराच कमी होतो. ठरावीक जागी शी-शू करायला हा प्राणी शिकत नाही, तुमच्या खांद्यावरही करणार. वास घालवायला सगळा पिंजरा एकाच दिवशी धुऊन काढला तर आपला वास गेला म्हणून तो दुप्पट जोमाने सगळीकडे चोळत सुटतो. आज पाउच, दोन दिवसांनी फांद्या, असं आळीपाळीने धुवावं.

‘लस नाही, डॉक्टर नाही’

लस नाही, हे खरं. अख्ख्या मजकुरातलं हे एकच धड वाक्य. पण त्यापुढचं ‘डॉक्टर नाही’ हे वेगळ्याच अर्थाने खरं ठरतं: कुत्र्या-मांजरांचे बरेच डॉक्टर ग्लायडर तपासत नाहीत, कारण त्यांच्यासमोर तो कधी आलेलाच नसतो. म्हणून क्रम उलटा हवा. आधी हा प्राणी पाहणारा डॉक्टर शोधायचा, त्याच्याकडे नसबंदी होते का आणि रात्रीबेरात्री कुणाला फोन करायचा हे विचारायचं, मग प्राणी आणायचा. घरात ग्रॅममध्ये मोजणारा काटा ठेवा आणि आठवड्याला वजन लिहून ठेवा. 100 ग्रॅमच्या प्राण्यात 10 ग्रॅम घटले तर शरीराचा दहावा भाग गेलेला असतो, आणि केसांखाली ते डोळ्यांना दिसत नाही. जुलाब किंवा एक रात्र न खाणं यात ‘उद्या बघू’ चालत नाही.

‘नाही जमलं तर देऊन टाकता येतो’

कुणाला? पिंजऱ्यात तो 10 ते 12 वर्षं जगतो, काही त्याहून जास्त. दहा वर्षांच्या मुलाच्या हट्टाखातर आणलेला ग्लायडर ते मूल कॉलेजात जाईपर्यंत घरात असतो. काही ठिकाणी तो पाळायलाच बंदी आहे, उदाहरणार्थ कॅलिफोर्निया आणि हवाई इथे, त्यामुळे आपल्याकडचा कायदाही आणण्याआधीच पाहावा लागतो. जोडी तोडून एकेक दिला तर वर सांगितलेला एकटेपणा दोघांच्याही वाट्याला येतो.

तरीही देणारे देतात, आणि पहिल्यांदाच पाळणाऱ्याने खरं तर तिकडेच पाहावं. कुणीतरी सोडू पाहत असलेली, नसबंदी झालेली, एकमेकांना सरावलेली प्रौढ जोडी मिळाली तर पिल्लं आणण्यापेक्षा ते पुष्कळ सोयीचं. स्वभाव समोर दिसतो, आहार ठरलेला असतो, आधीच्या मालकाला विचारता येतं. फक्त बघायला रात्री दहानंतर जा, आणि दोघांना पिंजऱ्यात चढता-उतरताना नीट पाहा: मागचे पाय पकड घेतायत ना, शेपटीवरचे केस पूर्ण आहेत ना, आणि कालच्या वाटीत नेमकं काय उरलंय.