‘डायरीत लिहा, बढती मिळेल’ हे खरं नाही

अप्रेझलचे, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचे, फॉर्म आले की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. हार्वर्डमध्ये 1979 साली एमबीएच्या फक्त 3 टक्के विद्यार्थ्यांनी आपलं ध्येय लिहून ठेवलं होतं, आणि दहा वर्षांनी ते बाकीच्यांच्या दहापट कमवत होते. म्हणून ‘यंदा मी मॅनेजर होणार’ असं डायरीत लिहा, रोज सकाळी वाचा, कुणाला सांगू नका. तरीही बढती हुकली, तर तुमची जिद्द कमी पडली. मी एका कारखान्याच्या एचआरमध्ये पंधरा वर्षं काढली. हे वाचून चांगली माणसं स्वतःला दोष देत बसलेली पाहिली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘हार्वर्डचा अभ्यास.’ असा अभ्यास कुणालाच सापडलेला नाही. हीच गोष्ट येल विद्यापीठाच्या 1953 च्या बॅचच्या नावानेही सांगतात. ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकन मासिकाने 1996 साली तिचा माग काढला, तेव्हा व्याख्यानांतून ती सांगणारे एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. येलमध्येही काही पुरावा मिळाला नाही.

‘मॅनेजर होणार असं लिहा.’ जागा कधी रिकामी होईल, हे आपल्या हातात नसतं. हातातल्या कामाचं आकड्यातलं उद्दिष्ट मात्र उपयोगी पडतं, आणि त्याला खऱ्या अभ्यासाचा आधार आहे. अमेरिकेत ओक्लाहोमात लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक कायद्याने चालणाऱ्या वजनाच्या जेमतेम 60 टक्के भरले जायचे. ‘जमेल तेवढं भरा’ म्हणून फरक पडत नव्हता. 94 टक्के असं नेमकं उद्दिष्ट दिल्यावर काही महिन्यांत भरणा 90 टक्क्यांच्या आसपास गेला. लॅथम आणि बाल्डिस यांनी हे 1975 साली मांडलं.

आमच्याकडे क्वालिटीतल्या एका मुलाने केआरएच्या, म्हणजे वर्षाच्या मुख्य उद्दिष्टांच्या, रकान्यात ‘क्वालिटी सुधारणे’ एवढंच लिहिलं होतं. मी त्याला साहेबांसमोर बसवलं. दोघांनी ते खोडून ‘दोन नंबर लाइनचं रिजेक्शन मार्चपर्यंत निम्म्यावर’ असं लिहिलं आणि खाली दोघांच्या सह्या झाल्या. मार्चमध्ये रेटिंगवरून वाद झालाच नाही. बढती दोन वर्षांनी मिळाली, जागा निघाली तेव्हा.

‘कुणाला सांगू नका.’ सगळ्यात घातक सल्ला हाच. बढतीचा निर्णय ज्या कागदावर होतो, तो आपल्याला ठाऊक असायलाच हवा. देव दत्त हे सीमा रस्ते विभागातले कार्यकारी अभियंता. बढतीसाठी पाच वर्षं ‘अतिशय चांगला’ शेरा लागायचा. त्यांना एका वर्षी नुसता ‘चांगला’ मिळाला, आणि तो त्यांना कळवलाच गेला नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असा निकाल 2008 साली लागला. खाजगी नोकरीत हा निकाल कामाला येत नाही. तिथे आपणच विचारावं लागतं: साहेब, पुढच्या ग्रेडसाठी माझ्याकडून नेमकं काय हवंय?

‘जिद्द कमी पडली.’ 26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपवून आलेली एक मुलगी माझ्यासमोर रडली होती. “मॅडम, मधे मी डायरी वाचायची सोडली, म्हणूनच झालं,” म्हणाली. मी तिचा फॉर्म काढून पाहिला. निम्मं वर्ष ती रजेवर होती आणि उद्दिष्ट बारा महिन्यांचंच लावलं होतं.