आयनोसोंड मोडीत काढण्याआधी: एका आक्षेपाला उत्तर

आयनोसोंडवरच्या माझ्या लेखाला आपण दिलेल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. आयनोसोंड म्हणजे वेगवेगळ्या कंप्रतांचे रेडिओ स्पंद वर सोडून, परतणाऱ्या स्पंदांवरून आयनमंडलाचा (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाचा) वेध घेणारे उपकरण. असंगत प्रकीर्णन रडार (आयनमंडलातल्या इलेक्ट्रॉनांकडून विखुरलेल्या क्षीण लहरी टिपणारे शक्तिशाली रडार) इलेक्ट्रॉन घनता, तापमान आणि आयनांचा वेग हे सारे एकदम देत असताना मी आयनोसोंडची तरफदारी केली आणि ऐन ध्रुवीय प्रकाशाच्या वेळी हेच उपकरण आंधळे होते ही गोष्ट झाकली, असा आपला आक्षेप आहे.

त्यातला दुसरा भाग मला मान्य आहे. आयनोसोंडचा स्पंद जिथे प्लाझ्मा कंप्रता (इलेक्ट्रॉनांची घनता वाढेल तशी वाढणारी, त्यांची नैसर्गिक कंप्रता) त्याच्या कंप्रतेइतकी होते तिथून परततो. कणांच्या वर्षावामुळे ११० किलोमीटरच्या आसपास घनता दर घनमीटरला २५ हजार कोटी इलेक्ट्रॉन, म्हणजे २.५ × १०¹¹ झाली, तर ४.५ मेगाहर्ट्झपर्यंतचे स्पंद तिथूनच मागे फिरतात. वरच्या एफ थराची (आयनमंडलाच्या सहसा सर्वांत दाट थराची) घनता याहून कमी असेल, तर तो आयनोग्रामवर, म्हणजे आयनोसोंडने काढलेल्या कंप्रता-उंचीच्या आलेखावर, उमटतच नाही. कण अधिक ऊर्जेचे असतील, तर ९० किलोमीटरखाली शोषण इतके वाढते की आयनोग्राम कोरा राहतो. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोच्या ९३० मेगाहर्ट्झच्या आइसकॅट या असंगत प्रकीर्णन रडारला मात्र या शोषणाने जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

तरीही रडार थेट घनता मोजत नाही, परतलेली शक्ती मोजते. त्या शक्तीवरून घनता काढायला यंत्रणेचा एक स्थिरांक लागतो, आणि (नावाने 'स्थिर' असला तरी) तो अँटेना व ग्राहकाच्या अवस्थेनुसार सरकतो. तो बसवण्यासाठी बहुधा शेजारच्या आयनोसोंडने दिलेली एफ थराची क्रांतिक कंप्रताच (त्या थरातून परतणारी सर्वांत वरची कंप्रता) वापरतात, कारण आयनोसोंडमध्ये प्रतिध्वनीची तीव्रता नव्हे, फक्त कंप्रता वाचायची असते: ५ मेगाहर्ट्झमध्ये ०.१ची चूक झाली, तरी घनतेत सुमारे ४ टक्क्यांचाच फरक पडतो. रडारच्याच प्रतिध्वनीत प्लाझ्मा कंप्रता दाखवणाऱ्या प्लाझ्मा रेषेवरूनही हे साधते, पण ती नेहमी दिसत नाही. शिवाय फिनलंडमधल्या सोदांक्युलाच्या आयनोसोंडची नोंद १९५७पासून चालू आहे, तर आइसकॅटची मोजमापे १९८१मध्ये सुरू झाली आणि तीही सलग नव्हे, ठरावीक तासांची.

सुपरडार्न या रडारांच्या जाळ्याचा आपण दिलेला दाखला मात्र इथे लागू होत नाही. ती रडारे चुंबकीय क्षेत्ररेषांना समांतर पसरलेल्या अनियमिततांवरून प्रवाहाचा वेग काढतात, घनतेचा उभा आलेख देत नाहीत.

एक चूक आपल्याही नजरेतून सुटली. त्या लेखात आयनोग्रामवरची उंची मी खरी उंची म्हणून दिली होती. प्लाझ्मात स्पंद मंदावतो, त्यामुळे प्रकाशवेगाने हिशेब केला की थर आहे त्याहून वर भासतो. त्या परिच्छेदात आता 'आभासी उंची' असा बदल केला आहे.