आखूडशिंगी, बहुदुधी आणि पिवळी

आई शोरूममधल्या विजेवरच्या गाडीभोवती दोन चकरा मारून आली आणि म्हणाली, "अरे, हिला मागं दारच नाहीये."

दार होतं. त्याचं हँडल तेवढं खिडकीशेजारच्या काळ्या पट्टीत, वरच्या कोपऱ्यात असं दडवलं होतं, की घरातल्या दागिन्यांनाही आम्ही इतकी चांगली जागा शोधलेली नाही. शोरूममधला मुलगा लगबगीनं पुढं आला. "आजी, स्पोर्टी लुक आहे!" आता यातली मेख अशी, की दोन दारांची गाडी तरुण दिसते आणि चार दारांची संसारी. ज्याला संसार आहे पण तो गाडीवरून कळू द्यायचा नाही, अशा माणसासाठी हे लपवलेलं हँडल. तो माणूस मी.

आई वाकून आत शिरली, बसली आणि गुडघे पोटाशी घेऊन म्हणाली, "बरी आहे." आईचं 'बरी आहे' म्हणजे नेमकं काय, हे आमच्या घरात माझ्या लग्नापासून सगळ्यांना ठाऊक आहे.

गुडघे वर येण्यात आईचा दोष नव्हता. बॅटरी पायांखाली असते, म्हणून तळ उंच. तळ उंच म्हणून सीट उचलावी, तर छप्पर उचलावं लागतं. छप्पर उचललं की लुक गेला. मग काय, गुडघे उचला.

माझा हा आजार जुना आहे. छोटी, कुठंही मावणारी, मागचा दरवाजा वर उघडला की घरभर सामान पोटात घेणारी, आणि तरी पाय दाबला की उधळणारी गाडी मला हवी असते. आखूडशिंगी आणि बहुदुधी. १९७६ साली फोक्सवॅगननं गोल्फ जीटीआय काढली तेव्हा असंच काहीतरी केलं होतं. साध्या घरगुती गाडीला ११० हॉर्सपॉवरचं इंजिन दिलं, पुढच्या जाळीभोवती एक बारीक लाल रेघ ओढली आणि सीटना चौकड्यांचं कापड लावलं. ते कापड आणि गोल्फच्या चेंडूची गिअरची मूठ, दोन्ही कल्पना गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या डिझायनर बाईंच्या. गाडीचं वजन आठशे किलोच्या थोडंसं वर. मी जी बघत होतो तिच्यावरही लाल रेघ होती, पण वजन जवळपास दुप्पट. नुसती बॅटरीच तीन-चारशे किलोंची. नाकापेक्षा मोती जड, आणि पुन्हा त्या मोत्यासकट धावायचं.

रूपाचा विचार करायला लागलो की मी जरा वाहवत जातो. विजेच्या गाडीला पुढं इंजिन नाही, त्यामुळं पूर्वीसारखी भली मोठी जाळी लागत नाही. तरी माझ्यासमोरच्या गाडीला जाळी होती. बोट घालून बघितलं. बंद! जाळीचं नुसतं चित्र. मागच्या बंपरखाली हवा कापायला म्हणून जे दात बसवले होते, त्यांनी कधी हवा पाहिली असेल असं वाटेना. थाप मारण्याबद्दल माझी तक्रार नाही, थाप कामाला यावी एवढंच. जुन्या रेनो ५च्या बॉनेटवर हवेची जाळी होती. २०२४च्या विजेवरच्या रेनो ५ला तिथंच चार्जिंग किती झालं ते दाखवणारा दिवा बसवलाय, तोही पाचाच्या आकड्याच्या आकाराचा. याला म्हणतात जुन्या वाड्याच्या कोनाड्यात मोबाईल चार्जिंगला लावणं.

उलट अबार्थ ५००ई या विजेवरच्याच गाडीत पेट्रोल इंजिनाचा आवाज काढून बाहेरच्यांना ऐकवणारा स्पीकर आहे. ह्युंदाईनं २०२३ साली आयोनिक ५ एन आणली, तीही विजेवरचीच, पण तिला खोटे गिअर आहेत, एक-दोन नव्हे, चांगले आठ. गिअर बदलला की धक्कासुद्धा बसतो. जो धक्का बसू नये म्हणून माणसानं शंभर वर्षं डोकं लढवलं, तो आता सॉफ्टवेअरमधून देतात. टक्कल पडल्यावर टोप घालायचा आणि टोपाला वरून थोडा कोंडाही लावून घ्यायचा, तसं हे. आम्ही बघत होतो त्या गाडीतही आवाजाचं बटण होतं. मी ते तीनदा दाबलं. तिसऱ्यांदा बायकोनं हात धरला.

आता पिवळ्या रंगाकडं येतो. जाहिरातीतली गाडी पिवळी होती, छप्पर काळं, चाकं एकोणीस इंची. मूळ किमतीत मिळणारी गाडी राखाडी निघाली. चाकं लहान, वर प्लॅस्टिकचे व्हील कॅप. दोघी शेजारी उभ्या केल्या, तर लग्नातला फोटो आणि ओळखपत्रावरचा फोटो, इतका फरक. पिवळ्याला वेगळे पैसे, काळ्या छपराला वेगळे, चाकांना तर फारच वेगळे.

"रंग बाहेरून असतो ना?" बायकोनं विचारलं.

"हो."

"आणि आपण आत बसणार."

"हो."

"मग बघणार दुसरे आणि पैसे आपण द्यायचे?"

याला उत्तर नव्हतं. शोरूममधल्या मुलाकडंही नव्हतं. तो ब्रोशर चाळायला लागला. मोठ्या चाकांबद्दल तर मी स्वतःच वाचलं होतं, की त्यांनी रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी जेवढी जाते ते अंतर, कमी होते, टायरची भिंत पातळ असल्यानं खड्डा थेट मणक्यापर्यंत पोचतो, आणि तो टायर बदलायचा म्हटलं की महागही पडतो. म्हणजे जास्त पैसे मोजून, जास्त आदळत, कमी लांब जायचं. हे सगळं मला माहीत होतं. चाकं सुंदर होती.

रेंजचा आकडाही मी मनाशी घोळवत होतो, घरी येऊन तो कसा काढतात ते बघेपर्यंत. डब्ल्यूएलटीपी नावाची चाचणी असते. त्यात गाडी रोलरवर तीस मिनिटं चालवतात, अंतर होतं सव्वातेवीस किलोमीटर, आणि सरासरी वेग पडतो ताशी साडेशेहेचाळीस. उधळणारी गाडी म्हणून पैसे घ्यायचे आणि रेंज सांगायची ती साडेशेहेचाळीसच्या सरासरीची! वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, हे शाळेत शिकलो होतो. त्याचा पुढं कधी खिशाशी संबंध येईल असं वाटलं नव्हतं. म्हणजे ब्रोशरातली रेंज हवी असेल तर स्पोर्टी गाडी आईला देवळात नेल्यासारखी चालवायची.

मग एक्सेल उघडलं. हिशेब करणारा माणूस जबाबदार दिसतो, आणि मला त्या आठवड्यात तसं दिसण्याची गरज होती. एका रांगेत आमची पेट्रोलची गाडी, दुसऱ्या रांगेत ही. ऑइल बदलायला नको, स्पार्क प्लग नकोत, क्लच नाही, टायमिंग बेल्ट नाही. गाडी मोटरच्याच जोरावर हळू होते, त्यामुळं ब्रेकपॅडही पुष्कळ टिकतात. शंभर किलोमीटरला सोळा युनिट वीज धरली, घरच्या दरानं. बाहेरच्या फास्ट चार्जरचा दर घातला की रांग लाल व्हायची, म्हणून तो काढून टाकला. ही रांग कशी हिरवीगार दिसत होती! विमा जास्त, टायर लवकर झिजणार, चार-पाच वर्षांनी विकायला काढली तर काय येईल ते देव जाणे, असे तीन रकाने खाली होते. खाली असले की स्क्रोल केल्याशिवाय दिसत नाहीत.

तरीही शेवटचा आकडा जमेना. जादा किंमत वसूल व्हायला अकरा वर्षं लागत होती. वर्षाला बारा हजार किलोमीटर धरले होते, ते पंधरा केले. नऊ वर्षं. वीस केले. सात. मला एकदम मार्ग दिसला.

"एवढं कुठं जाणार आहोत?" बायको मागं येऊन उभी होती.

"जितकं जाऊ तितकी बचत होते."

"म्हणजे पैसे वाचवायला आपण गावभर फिरायचं?"

"तसं नाही..." मी म्हणालो. तसंच होतं.

"आणि बारा तरी कुठनं आले? आत्ताच्या गाडीचे किती होतात वर्षाला?"

आठ. पण ते मी बोललो नाही.

शनिवारी टेस्ट ड्राइव्ह होती. मी चालवली, शहाण्यासारखी, कारण मागं आई होती. परत आल्यावर तो मुलगा बायकोला म्हणाला, "मॅडम, तुम्ही पण घ्या ना एक राउंड." ती नको नको म्हणत बसली. सीट पुढं ओढली, आरसा नीट केला, काचेतून मागं बघून म्हणाली, "काही दिसत नाही मागचं." त्या पंखासारख्या स्पोर्टी स्पॉयलरमुळं खरंच दिसत नव्हतं. मी आणि आई बाहेर उभे राहिलो. गाडी आवाज न करता फाटकातून बाहेर पडली आणि कोपऱ्यावर जाईपर्यंत संथ होती. नंतर ती दिसली नाही. म्हणजे वळली, अडली असं काही नाही. होती, आणि मग नव्हती.

"कुठं गेली?" आईनं विचारलं.

दहा मिनिटांची फेरी पंचवीस मिनिटांनी संपली. तो मुलगा आधी उतरला. तो जरा पांढरा पडला होता आणि ब्रोशर त्यानं छातीशी धरलं होतं. बायको उतरली, तिनं दार लावलं, केस मागं सारले. चार पावलं चालली आणि वळून गाडीकडं बघितलं. काही बोलली नाही. घरी पोचेपर्यंत बोलली नाही. चप्पल काढताना विचारलं, "त्या एक्सेलमध्ये वर्षाचे किती धरलेत?"

"वीस हजार," मी चाचरत म्हणालो. "पण कमी करतो."

"पंचवीस करा," ती म्हणाली आणि आत गेली. आतून पुन्हा आवाज आला, "आणि तो पिवळाच."