दातांचं दुखणं

रिमोटचं हेलिकॉप्टर बाळगणाऱ्याला लोक विचारतात, किती उंच जातं? खरं तर विचारायला हवं, दाते किती शिल्लक आहेत?

माझ्या ४५० या आकाराच्या वर्गातल्या यंत्रात मोटरच्या दांड्यावर करंगळीच्या नखाएवढं पिनियन, म्हणजे छोटं गिअर, बसतं, १३ दात्यांचं, धातूचं. ते फिरवतं १५० दात्यांचा प्लॅस्टिकचा मेन गिअर. १३ने १५०ला भाग जात नाही, त्यामुळे तोच दाता सारखा त्याच दात्याला भिडत नाही आणि झीज सगळ्यांत वाटली जाते. भाऊबंदांत इतकी न्याय्य वाटणी मी फोंडा तालुक्यात तरी पाहिलेली नाही. रोटरने, म्हणजे डोक्यावरच्या पात्यांनी, मिनिटाला २,५०० फेरे घेतले की मोटर २८ हजारांच्या वर धावत असते. अशा वेळी पाती शेताच्या मेरेला, म्हणजे बांधाला, नुसती चाटली, तरी बळी जातो तो प्लॅस्टिकचा. मोटर बहुधा वाचते. बदली गिअर मात्र बाजारात शोधून मिळत नाही. तो कुरियरने येतो, त्याला वाटेल तेव्हा.

आमच्याकडे उडवायचे दिवस भातकापणीनंतरचे. पावसाळाभर यंत्र कपाटात आणि खारी दमट हवाही कपाटात. दिवाळीत बाहेर काढावं तर पिनियन दांड्याला पकडून ठेवणारा बिनडोक्याचा ग्रब स्क्रू गंजून बसलेला. त्यात निळा थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक. सोल्डरिंग आयर्नचं टोक टेकवून तो मऊ करायचा, मग दीड मिलिमीटरची अॅलन की श्वास रोखून फिरवायची. स्क्रूचं षटकोनी भोक एकदा गोल झालं की देवळात कौल लावण्यापलीकडे काही उरत नाही. सुटलाच, तर तो तिळाएवढा स्क्रू टेबलावरून गायब होतो आणि मोटरच्या चुंबकाला चिकटलेला सापडतो.

खरा छळ पुढे. दोन गिअरमध्ये फट किती ठेवायची? सैल राहिली तर दाते उड्या मारतात, घट्ट झाली तर मोटर तापते आणि आई स्वयंपाकघरातून ओरडते, "आज भरडतंय रे!" तिचा कान माझ्या डोळ्यापेक्षा भरवशाचा. उपाय म्हणजे कागदाची पट्टी. ती दात्यांत धरून मोटर अलगद सरकवायची, बोल्ट आवळायचे आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढायची. ती नागमोडी दुमडून, पण न फाटता आली पाहिजे. लग्नपत्रिका जाड पडते, देवाच्या पंचांगाला हात लावायची सोय नाही. पेपरची पट्टी चालते, पण कालचा पेपर. आजचा बाबांचा वाचून व्हायचा असतो. एवढं करूनही मेन गिअर पुरता गोल नसतोच. म्हणून पूर्ण फेरा फिरवून जिथे घट्ट लागतो तिथे पुन्हा मापायचं, पुन्हा बोल्ट.

या समाधीत शेजारचे काका येतात. जन्म फेरीबोटीच्या इंजिनावर गेलेला.

"ग्रीस कुठाय?"

"लावत नाही, काका."

"सायबा! मग खोबरेल तरी घाल."

मी समजावतो, की तेलाला इथली तांबडी धूळ चिकटते आणि तीच पॉलिश पेपरसारखी दाते खाते. काका गिअर उजेडाकडे धरून बराच वेळ निरखतात.

"आमची बोट माणसं न्यायची, स्कूटरी न्यायची. हे काय नेतं?"

"काही नाही."

"काहीच नेत नाही? मग मेल्याचे दाते झिजतात कशाने?"