नवोदित कसे राहावे

गाणं शिकायला लागून पंधरा वर्षं झाली आणि ठाण्यातल्या एकाही वार्षिक महोत्सवात अजून बोलावणं आलं नसेल, तर खचू नका. जानेवारीत जरा थंडी पडली की तलावाकाठी मांडव उभे राहतात आणि प्रत्येक मांडवाला दोन-चार नवोदित लागतातच. सोफे, हार, जनरेटर लागतात तसे. यादीत तुमचा नंबर जनरेटरच्या खाली असतो, पण असतो.

फोन येईल. "आम्ही तुम्हाला प्लॅटफॉर्म देतोय," असं पलीकडचे दादा म्हणतील. इथे भारावून जायचं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली ती ठाण्यालाच आली, तेव्हापासून या गावाला प्लॅटफॉर्मचं काही अप्रूप नाही, असं मनात आलं तरी गिळायचं. मानधनाचं तर नावच काढायचं नाही. नवोदित म्हणजे नुकताच उदय पावलेला, हे शब्दकोशात. आयोजकांच्या वहीत त्याचा अर्थ 'फुकट' असा आहे, आणि हा उदय पंचविशीपासून पंचेचाळिशीपर्यंत सहज चालतो. तबलजी मात्र नवोदित नसतो. पेटीवाला तर मुळीच नसतो. मी स्वतः पेटी वाजवतो, म्हणून खात्रीने सांगतो. आमचे पैसे तुम्ही द्यायचे, स्वतःच्या खिशातून, त्याच संध्याकाळी. याला कलेची सेवा म्हणतात.

आता राग. तुम्ही दोन वर्षं मालकंस घोटला असेल. छान, घरी म्हणा. तो मध्यरात्रीनंतरचा राग आणि तुमची वेळ दुपारी पावणेपाचची, उन्हं थेट डोळ्यांवर. या वेळेला भीमपलास आहे, फार तर मुलतानी आहे. नवोदिताला आयुष्यभर हे दोन पुरतात. दरबारीही रात्रीचाच, त्याची हौस धरू नये. तसा दरबारी आता उघड्या मांडवात नामवंतांच्याही वाट्याला येत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण त्यात गणपती आणि नवरात्र यांच्या आधी मालकंसाचा नंबर लागेल अशी आशा कोणी करू नये. पुण्यात भीमसेनजींनी १९५३ साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्र-रात्र चालायचा, आता तिथेही सगळ्यांचं एक लक्ष घड्याळाकडे. नियम चुकीचा आहे असं नाही. माझ्या बिल्डिंगखाली डीजे लागतो तेव्हा मीच तो तोंडपाठ म्हणून दाखवतो. पण रात्रीच्या रागांचं एक अख्खं घराणं उघड्यावर बेकार झालं, हेही खरंच. तेवढाच तुम्हाला दिलासा, बेकार एकटे तुम्हीच नाही.

साउंडवाल्याशी गोड बोला. त्याने सगळी मांडणी रात्रीच्या बँडसाठी केलेली असते, त्यामुळे तुमची पेटी बेस गिटारसारखी ऐकू येईल. तो विचारेल, "तंबोरा म्हणजे मोबाईलवरचाच ना?" हो म्हणा. खरा तंबोरा लावायला वेळ लागतो, आणि तलावाच्या दमट हवेत तो पुन्हा उतरतो तो वेगळाच. मोबाईल ऑक्सच्या वायरला जोडायचा आणि फ्लाइट मोडवर मुळीच टाकायचा नाही. ऐन विलंबितात आईचा फोन येऊ द्या. सगळ्या मैदानात रिंगटोन घुमेल आणि त्या दुपारची पहिली खरीखुरी टाळी पडेल.

थांबण्याचा रियाज मात्र आजपासूनच करा. सुरुवात कशी करावी हे गुरुजींनी शिकवलंय, कुठेही कसं तोडावं हे कोणी शिकवत नाही. दीपप्रज्वलन साडेपाचचं, पाहुणे घोडबंदर रोडवर अडकलेले. म्हणून आधी तुम्हाला ताणायला सांगतील. तुम्ही खुशीत येऊन द्रुत धराल, आणि तान अर्ध्यावर असताना पायऱ्यांशी उभा असलेला स्वयंसेवक दोन बोटं दाखवेल. त्याचा अर्थ दोन मिनिटं असा नसतो. सम गाठायचा हट्ट धरू नये. "धन्यवाद" तेवढं सुरात म्हणावं.

मग समई. पाच वाती, पाच पाहुणे, एक काडेपेटी आणि तलावावरचा वारा. तिसरी वात पेटते तोवर पहिली विझते. फोटोवाला म्हणतो, "साहेब, परत एकदा." जानेवारीत सूर्य मावळतो त्याच सुमाराला हे सगळं चालू असतं, म्हणजे मारवा, श्री, पूरिया धनाश्री गायची नेमकी वेळ. संधिप्रकाश रागांची अख्खी घटका रोज काडेपेटी खाते. कोणाला बोलून दाखवू नका. मी एकदा दाखवलं होतं. त्या मांडवात पुढची दोन वर्षं माझ्याऐवजी कीबोर्ड होता.

भाषणांत पंडित राम मराठे येतील, यायलाच हवेत. रामभाऊ ठाण्यात राहिले, पालिका त्यांच्या नावाने संगीत समारोह भरवते. पी. सावळारामही येतील. भावगीतं लिहिणारा माणूस या गावाचा नगराध्यक्ष होता, याची मला अजूनही गंमत वाटते. आता क्रम बदललाय: पद आधी मिळतं, चारोळ्या मग सुचतात. त्या ऐकताना मान डोलवा. पहिल्या रांगेत कोण डोलत नाही याकडे लक्ष ठेवायला माणूस असतो.

इतर कलांची काळजी करू नका, त्यांचीही व्यवस्था तुमच्यासारखीच असते. एक चित्रकार स्टेजच्या कडेला लाईव्ह गणपती काढत असतो. कुंभाराच्या चाकावर मुलं हात माखून घेतात आणि आया ओरडतात. वारली चित्रं, जी तांदळाच्या पिठाने कुडाच्या भिंतीवर निघायची, ती चहाच्या कपाखाली ठेवायला मिळतात. आणि तारपावाले. वाळवलेल्या भोपळ्याचं ते वाद्य न थांबता वाजवायला काय दमसास लागतो, हे एकदा जवळ उभं राहून पाहा. आपण ख्याल गाणारे त्यापुढे लिंबूटिंबू. त्यांना जव्हारकडून पहाटे निघून यावं लागतं, आणि इथे त्यांची जागा असते प्रवेशद्वारापाशी. गाडी आली की वाजवायचं. स्टेजवर त्यांचं नाव घेत नाहीत, कारण कोणी विचारलेलंच नसतं. तुमचं निदान घेतात तरी, चुकीचं का होईना.

ते चुकतंच. रात्री पावणेदहाला, मुख्य कलाकार भैरवीकडे धावत असताना, मंडपामागे कोणीतरी तुमच्या हातात शाल, नारळ आणि प्रमाणपत्र कोंबेल. शालीत पेटी छान गुंडाळली जाते, ती मला द्या. नारळ हलवून पाहा, पाणी वाजलं तर याच वर्षीचा. प्रमाणपत्रावर देशपांडेचं देशमुख झालं असेल, कुलकर्णीचं 'कुळकर्नि'. दुरुस्त करून मागू नका. घरी जपून ठेवा आणि पुढच्या डिसेंबरात आपल्या खऱ्या नावाने अर्ज भरा. त्यांच्या यादीत ते नाव आधी कधीच आलेलं नसेल.