मुलीला स्वातंत्र्य कसे द्यावे

घरात मिळवती, अविवाहित मुलगी असल्यास तिला स्वातंत्र्य देण्याचा उत्तम मुहूर्त म्हणजे गुढीपाडवा. त्या दिवशी तिला नऊवारी नेसवून, नथ, फेटा आणि गॉगल अशा थाटात बुलेटवर बसवावे, ठाण्याच्या कौपिनेश्वर मंदिराच्या परिसरातील स्वागतयात्रेत तिची छायाचित्रे काढावीत आणि ‘आमची रणरागिणी’ म्हणून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकावीत. श्रीखंड-पुरीच्या आत बुलेटची चावी परत घ्यावी.

तिच्या पगाराच्या आड परंपरा येऊ देऊ नये.

कंपनीची गाडी तिला मध्यरात्री दारात सोडते, तेव्हा कौतुक करावे. गडकरी रंगायतनमधला रात्रीचा प्रयोग पाहून ती मध्यरात्रीच्या तासभर आधी घरी आली, तरी शेजारी काय म्हणतील याची आठवण द्यावी.

वेगळे राहण्याचा विषय तिने काढलाच, तर घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीत रोज कुजणे हाही संस्काराचाच भाग असल्याचे समजावावे. मी नोकरीसाठी कासारवडवलीहून महापे गाठते. म्हणून गेल्या महिन्यात तिथून जवळ, घणसोलीत एक खोली ठरवली. भाडेकरार नोंदवण्याची तयारी होती, पोलीस पडताळणीचे कागद होते, अनामत रक्कम माझ्या खात्यातली होती. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सगळे चाळले आणि विचारले, ‘‘वडिलांचे संमतीपत्र कुठे आहे?’’ माझे वय एकोणतीस. कायद्याने अठराव्या वर्षी करार करता येतो, हे मी सांगितल्यावर ते म्हणाले, ‘‘मुलींच्या बाबतीत आम्ही जरा काळजी घेतो.’’ घरी बाबांनी ‘लग्नाआधी घर सोडायची आपल्याकडे रीत नाही’ म्हणून पत्र नाकारले. माझा धाकटा भाऊ बाविसाव्या वर्षापासून हिंजवडीत मित्रांबरोबर राहतो. त्याच्या वेळी ही रीत कुठे गेली होती, आणि त्याच्याकडे कोणी कसले पत्र मागितले होते?

याच घरात परवा गावाकडच्या जमिनीचे हक्कसोडपत्र माझ्यापुढे सरकवण्यात आले. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच मुलीचा वाटा आहे, हे हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून देशभर लागू आहे आणि काकांना ते पाठही आहे, म्हणून तर सहीची इतकी घाई. ‘‘शहाणी मुलगी आहेस, माहेर तोडू नकोस,’’ असे ते वर म्हणाले.

काका, बाबा, सेक्रेटरीसाहेब, लाज बाळगा. सातबाऱ्यावरचा हक्क सोडायला माझी एकटीची सही पुरते, तर खोली घ्यायला ती का पुरत नाही, याचे उत्तर आधी द्या. तोवर ते हक्कसोडपत्र तुमच्याच कपाटात ठेवा.